तुमच्या खाली कोण पाणी पितो?

मननासाठी शास्त्रभाग : 2 राजे 2:19-22, यहेज्केल 34:17-19



एलीया स्वर्गास घेतला गेल्यावर त्याचा शिष्य अलीशा यरीहो येथे येऊन राहिला, तेव्हा त्या नगरचे लोक त्याजकडे आले. यरीहो हे खजुरीच्या झाडांचे रम्य नगर होते. तेथील लोकांनी संदेष्ट्याजवळ धन मागितले नाही, की शत्रूंवर जय मागितला नाही. आमचे नगर पाहावयास उत्तम आहे, परंतु येथील पाण्यात दोष आहे, एवढेच त्यांनी सांगितले. हे ऐकून अलीशाने, हे काम राजाचे, माझे काम उपदेश करण्याचे, असे म्हटले नाही. त्याने एक नवे पात्र व थोडे मीठ मागविले, तो झऱ्याच्या मुखापाशी गेला, आणि तेथे ते मीठ टाकून परमेश्वराच्या नावाने ते पाणी बरे झाल्याचे त्याने प्रकट केले.

ह्या लहानशा वृत्तांतातल्या दोन गोष्टी आज ध्यानात घेऊ. पहिली ही की त्या लोकांनी आपल्या नगराची शोभा पुढे करून त्याचा दोष झाकला नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी आता घरोघर नळ आले आहेत. देवळाच्या वर्धापनदिनी पाहुण्यांस आपण तो नळ अभिमानाने दाखवितो. परंतु त्यातून येणारे पाणी पावसाळ्यात कसे असते, हे सांगण्यास आपली जीभ अडखळते. दुसरी गोष्ट ही की संदेष्टा घरोघरच्या घागरींत मीठ टाकीत बसला नाही. तो जेथून पाणी निघते तेथे गेला. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे अवश्य आहे. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात तो क्लोरीन वायू मिठापासून काढतात हे खरे; परंतु त्यावरून अलीशाने क्लोरीनच वापरला असे कोणी सांगू नये, आणि घागरीत मीठ टाकल्याने रोगजंतू मरतात असेही कोणी समजू नये. ते मरत नाहीत. यरीहोचे पाणी देवाच्या सामर्थ्याने बरे झाले. मीठ हे केवळ चिन्ह होते. ज्या देवाने तेव्हा चिन्ह दिले, त्यानेच मनुष्यास बुद्धीही दिली आहे, आणि तिचा उपयोग न करता चमत्काराची वाट पाहणे ह्यास विश्वास म्हणत नाहीत.

आता यहेज्केलाचे वचन पाहा. तेथे प्रभू आपल्या कळपातील धष्टपुष्ट मेंढरांस जाब विचारतो. त्यांनी निर्मळ पाणी पोटभर प्यावे ह्याबद्दल त्याची तक्रार नाही. आपली तहान भागल्यावर त्यांनी उरलेले पाणी पायांनी ढवळून गढूळ केले, आणि मागून येणाऱ्या दुबळ्या मेंढरांस तेच प्यावे लागले, हा त्यांचा अपराध होय.

हे वचन आमच्या नागपूर प्रांतात जणू नकाशावर काढून दाखविता येते. नागपूर शहर पेंच व कन्हान ह्या नद्यांचे पाणी पिते. पेंच पुढे कन्हानेस मिळते, आणि कन्हान वैनगंगेस. शहराच्या मधून जी नाग नदी वाहते, जिच्यावरून शहरास नाव पडले असे म्हणतात, ती पश्चिमेकडच्या लाव्हाच्या टेकड्यांत उगम पावते. तिच्याच प्रवाहावर अंबाझरीचा तलाव आहे, आणि एकोणिसाव्या शतकात ह्याच तलावाचे पाणी नळाने शहरास मिळू लागले. म्हणजे जिने एके काळी नागपुरास पाणी पाजले, तिच्याच पात्रात नागपुराने आपले सांडपाणी सोडले. ते सांडपाणी घेऊन नाग नदी पूर्वेस जाते, कन्हानेत मिळते, आणि कन्हानेबरोबर आंभोऱ्याजवळ वैनगंगेत जाते.

ह्याच वैनगंगेच्या काठी, नागपूरच्या पूर्वेस सुमारे 60 किलोमीटरांवर, भंडारा हे लहान शहर आहे, आणि त्याच्या नळांस ह्याच नदीचे पाणी येते. तो संगम भंडाऱ्याच्या खालच्या अंगास असल्यामुळे पूर्वी घाण पाणी पुढे निघून जात असे. परंतु 1988 साली ज्याची कोनशिला बसली, ते गोसीखुर्दचे मोठे धरण पवनी तालुक्यात उभे राहिले, आणि धरणाचे पाणी मागे फुगून तुंबू लागले. शेतीसाठी बांधलेल्या धरणाने कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. पण वाहते पाणी थांबले तेव्हा त्याबरोबर आलेली घाणही थांबली, आणि भंडाऱ्याच्या पाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रारी होऊ लागल्या.

कोणी म्हणेल, शुद्धीकरणाचे यंत्र असताना चिंता कशाची? ह्याचे उत्तर समजून घ्या. नदीचे पाणी आधी तुरटीने निवळवितात, मग वाळूच्या थरांतून गाळतात, आणि शेवटी त्यात क्लोरीन सोडतात. पाणी मुळात जितके घाण, तितका हा क्लोरीन त्या घाणीशी झुंजण्यातच खर्ची पडतो, आणि नळापर्यंतच्या वाटेवर रक्षण करण्यास त्यातला थोडाच उरतो. वरच्या काठावर जे पाप सोपे झाले, त्याचे प्रायश्चित्त खालच्या काठावर महाग पडते.

नागपुराने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्ध करतात, आणि त्यातील पुष्कळसे पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास देतात. नाग नदीच्या शुद्धीसाठी सुमारे 1,927 कोटी रुपयांची योजना मंजूर झाल्याचे 2022 साली जाहीर झाले. एका शहराने जे निष्काळजीपणे सोडले, ते परत आवरावयास किती द्रव्य लागते, हे ह्या आकड्यावरून कळते.

बंधूंनो, मी वैनगंगेच्या खोऱ्यातील एका लहान गावी पाळक असताना ह्याच वचनावर उपदेश केला होता. मोठ्या शहराच्या अपराधाविषयी मी पुष्कळ बोललो, आणि मंडळीने माना डोलाविल्या. उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतील एक वृद्ध बाई दाराशी थांबली. ती मला म्हणाली, “पाळकसाहेब, नागपूरचं सांगितलं ते खरं हाय. पन तुमच्या आंगनातल्या खड्ड्याचं पानी कोनाच्या घागरीत जाते, हे बी एखांद्या रविवारी सांगा.”

तिच्या बोलण्याचा अर्थ मला तत्काळ कळला नाही. कळला तेव्हा माझी मान खाली गेली. आमच्या त्या गावी दिवसातून तासभरच नळास पाणी येई, आणि तेही संथ धारेने. म्हणून इतरांप्रमाणे मीही अंगणात हातभर खोल खड्डा खणून नळाची तोटी जमिनीखाली बसविली होती, कारण तोटी जितकी खाली, तितके पाणी अधिक मिळते. त्या खड्ड्यात भांडी विसळल्याचे पाणी साचे, पावसाचे साचे, कोंबड्या त्यात उतरत. पाणी येण्याची वेळ संपली म्हणजे नळ्या रिकाम्या होतात, आणि रिकामी होणारी नळी जेथे छिद्र अथवा उघडी तोटी सापडेल तेथून बाहेरचे पाणी आत ओढून घेते. माझ्या खड्ड्यातले पाणी अशा रीतीने नळीत जाई, आणि दुसऱ्या दिवशी उताराकडच्या घरांस पहिली घागर त्याची मिळे. त्या बाईचे घर उताराकडे, ओळीत शेवटचे होते. त्या पावसाळ्यात तिचा नातू हगवणीने फार आजारी पडला होता. मी त्याच्या खाटेपाशी गुडघे टेकून प्रार्थना केली होती, आणि घरी येऊन त्याच खड्ड्यात उतरून पाणी भरले होते.

तो मुलगा देवाच्या दयेने बरा झाला. त्याचा आजार माझ्याच खड्ड्यातून गेला असे निश्चित सांगता येत नाही. नाही गेला असेही मला म्हणता येत नाही. मी तोटी वर घेतली व खड्डा बुजविला. त्यानंतर आमच्या घरी पाणी कमी येऊ लागले, माझ्या पत्नीस दोन घागरी हातपंपावरून आणाव्या लागत, आणि शेजारचा एक गृहस्थ नळीस मोटर लावून पाणी ओढीतच राहिला. धर्माचरणाने तत्काळ सोय होते असे मी तुम्हांस सांगणार नाही. परंतु त्या दिवसापासून यहेज्केलाचे वचन वाचताना मला नागपूर आधी दिसत नाही. माझे अंगण दिसते. प्रत्येक मनुष्य कोणाच्या तरी वरच्या काठावर राहतो. आपणाला घाण पाणी कोणी पाठविले, हे विचारण्याचा आपणास हक्क आहे; परंतु आपल्या खाली कोण पितो, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

आता अलीशाच्या दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे झऱ्याच्या मुखाकडे येऊ. ह्याविषयी उपदेशकांनी व बायबलवाल्या बायांनी ध्यानात ठेवावा असा एक वृत्तांत आहे. 1854 सालच्या ऑगस्टअखेर लंडन शहरात सोहो नावाच्या वस्तीत पटकीची भयंकर साथ आली. त्या काळी विद्वान लोकही पटकी दूषित हवेने होते असे मानीत. डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी कोणत्या घरी कोण मेले, व ते पाणी कोठून आणीत, ह्याचा शोध करून ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखविले, आणि 8 सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढविला. ह्या पंपाच्या पाण्याची चव चांगली अशी ख्याती होती. दूरच्या उपनगरात राहणारी एक विधवा ते पाणी मुद्दाम आणवून पीत असे. तीही त्याच साथीत वारली. ज्यांची अशी समजूत आहे की स्वच्छ दिसते व गोड लागते ते पाणी चांगलेच, त्यांनी ह्या विधवेचे स्मरण ठेवावे.

त्या वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचे एक तरुण पाळक होते. त्यांस डॉक्टरांचे म्हणणे पटले नाही, आणि ते खोडून काढावे म्हणून ते आपल्या मंडळीच्या घरोघर फिरू लागले. मेलेल्यांची विचारपूस त्यांच्याइतकी कोणाला करता आली असती? लोक त्यांस ओळखत, त्यांजवळ रडत, सर्व सांगत. असे फिरता फिरता ते स्वतःच डॉक्टरांच्या मताचे झाले; इतकेच नव्हे, साथीचे मूळ त्यांनाच सापडले. पंपाशेजारच्या घरी एक तान्हे मूल साथीच्या आरंभी आजारी पडले होते. त्याच्या आईने त्याची दुपटी धुतलेले पाणी घराच्या शौचकुंडात ओतले, आणि त्या कुंडाच्या खचलेल्या भिंतीतून ते हाताभरावरच्या विहिरीत झिरपले. त्या साथीत सहाशेंहून अधिक माणसे गेली. ती आई दुष्ट नव्हती. ती आपल्या लेकराची सेवा करीत होती. तिच्या खाली कोण पितो, हे तिला ठाऊक नव्हते, इतकेच. आपणास मात्र ते ठाऊक आहे.

उपदेशक बंधूंनो, तुम्हीही घरोघर जाता. जेथे हगवण, कावीळ अथवा विषमज्वर असेल तेथे प्रार्थना अवश्य करा. परंतु प्रार्थनेनंतर विचारा की ह्या घरी पाणी कोठून येते. एकाच नळीवरच्या तीन घरी एकच आजार आढळला, तर ते आरोग्य उपकेंद्रास त्याच दिवशी कळवा. हीही मेंढरांची राखणच आहे.

आपल्या राज्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने पाण्यात क्लोरीन टाकण्यासाठी जलसुरक्षक नेमावयाचा असतो. गावाच्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी होते, आणि धोका असेल त्याप्रमाणे ग्रामपंचायतीस लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे किती मंडळ्यांस ठाऊक आहे? जलजीवन मिशनाखाली गावोगावच्या पाच स्त्रियांस पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्यांत आमच्या महिला मंडळाची एखादी भगिनी का नसावी? जलसुरक्षकाजवळची टीसीएल पावडर ताजी असता तिच्यात सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, परंतु ओल लागून अथवा पिशवी उघडी राहून तिचे बळ जाते. मग पावडर टाकली असे वहीत लिहिलेले असते, आणि पाण्यात तिचा गुण नसतो. बंधूंनो, ज्या मिठाचा खारटपणा गेला त्याविषयी प्रभू काय म्हणाला, हे तुम्हांस सांगावयास नको.

क्लोरीनचा वास येतो म्हणून कित्येक जण जलसुरक्षकास शिव्या देतात. असे करू नका. तो किंचित वास हा पाण्याबरोबर आलेला पहारेकरी आहे. पाण्यात ओटी नावाच्या द्रावणाचे थेंब टाकले असता पिवळा रंग आला, म्हणजे तो पहारेकरी अद्याप जागा आहे असे समजते. निदान अर्धा तास क्लोरीनास आपले काम करू द्यावे लागते, आणि त्यानंतरही दर लिटरास 0.2 मिलिग्रॅम इतका तो शिल्लक असावा, असे भारतीय मानक आहे. विष्ठेबरोबर येणारा ई. कोलाय नावाचा जंतू 100 मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये, असेही तेच मानक सांगते. शंका असेल त्या दिवशी पाणी गाळून खळखळून उकळा, आणि झाकून ठेवा. मात्र खतातून विहिरीत उतरणारे नायट्रेट अथवा खडकातून येणारे फ्लोराइड उकळून जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच पाहिजे.

पाणीपट्टी भरणे हेही धर्मकृत्यच समजा. जुलै 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी ह्या गावी पटकीची साथ येऊन माणसे दगावली. बिल थकल्यामुळे पाणीयोजनेची वीज तोडली गेली होती, आणि लोकांस उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागले, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. गरिबांच्या गावाची वीज तोडणारांनी विचार करावयास हवा होता हे खरे. तथापि ज्यांस भरता येते तेही भरीत नाहीत, तेव्हा त्याचा दंड ज्यांस भरता येत नाही त्यांच्या लेकरांस बसतो.

आता शेवटची गोष्ट. क्लोरीन पाहावयाचा तो टाकीजवळच्या नळास पाहून भागत नाही. तो नळीच्या शेवटच्या टोकास, अगदी अखेरच्या घरी पाहावा लागतो. टाकीपाशी तो नेहमीच असतो. शेवटच्या घरी पोहोचला तरच गावाचे पाणी शुद्ध म्हणावयाचे. मला ह्या नियमात सुवार्तेचा सुगंध येतो. आपला प्रभूही मंडळीची परीक्षा पुढल्या बाकावर करीत नाही. अगदी कनिष्ठाला काय पोहोचले, हे तो विचारतो. आणि त्याच्या नावाने दिलेला थंड पाण्याचा एक प्यालाही तो विसरत नाही.

ते शेवटचे घर कोणाचे असते, हे आपणांस पुस्तकात वाचावे लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी गावच्या विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून ओंजळी पुढे केल्या आहेत. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉक्टर आंबेडकर व त्यांजबरोबर हजारो लोक प्याले, ते तहानेने व्याकूळ झाले म्हणून नव्हे. पाण्यावर मनुष्यमात्राचा हक्क आहे हे स्थापावयास. ज्यांच्या वडिलांस पाण्यासाठी असे उभे राहावे लागले, त्यांच्या हातून दुसऱ्याचे पाणी घाण व्हावे, ह्याहून लाजिरवाणे काय? आणि त्यांनीच शेवटच्या घराच्या पाण्याची काळजी वाहावी, ह्याहून शोभणारे तरी काय?

म्हणून येत्या रविवारी उपासनेनंतर प्रत्येक मंडळीने एवढे करावे. वडील मंडळीने देवळाच्या व पाळकाच्या घराच्या तोट्या प्रथम पाहाव्यात, कारण न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो. खड्डे असतील ते बुजवावेत. नळी गटारातून गेली असेल तर ग्रामपंचायतीस अथवा नगरपरिषदेस सौम्य शब्दांत, परंतु लेखी कळवावे, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा कळवावे. मग जलसुरक्षकास बरोबर घेऊन आपल्या ओळीतील शेवटच्या घरी जावे, तेथील पाण्यात ओटीचे थेंब टाकून पाहावे, आणि रंग पिवळा आला तर त्या घरच्या माणसांबरोबर देवाची स्तुती करून तेच पाणी तेथे बसून प्यावे. रंग आला नाही, तर झऱ्याच्या मुखापर्यंत चालत जावे. अलीशाही चालतच गेला होता.

हे प्रभो, आम्हांस पाणी देणाऱ्या पित्या, वरच्या काठावर राहणाऱ्यांची हृदये तू जागी कर, आणि आमचीही कर. आमच्या हातांनी गढूळ झाले ते आम्हांस दाखव, व ते निर्मळ करण्याची लाज आम्हांस वाटू देऊ नको. जलसुरक्षकांस विश्वासू कर, आजारी लेकरांस बरे कर, आणि शेवटच्या घरच्या घागरीत तुझी कृपा निर्मळ पाण्याच्या रूपाने पोहोचू दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.